‘हात खाली ठेव’ म्हणायच्या आधी: ऑटिझम, हातवारे आणि बोलण्याच्या सवयींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला सिडकोत राहते. मुलगा १५ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, म्हणजे त्याचा मेंदू जन्मापासूनच जरा वेगळ्या पद्धतीने चालतो, निदान झालं तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. तेव्हापासून शाळेच्या गेटवर, लग्नाच्या हॉलमध्ये, सिटीबसमध्ये, थेरपीच्या बाहेरच्या बाकावर लोकांनी जे जे विचारलं आणि सुरुवातीला मी स्वतः जे विचारत फिरायचे ते सगळं इथे लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही, पण हे हात रोज बघते.

तो हात असे पंखासारखे का फडफडवतो?

याला स्टिमिंग म्हणतात. हात फडफडवणं, बोटं डोळ्यांसमोर नाचवणं, मनगट झटकणं, झुलणं, टाचा उचलून चालणं, एकच शब्द घोळवत राहणं, हे सगळं त्यातच येतं. ऑटिस्टिक माणसाला आवाज, उजेड, स्पर्श, वास हे आपल्यापेक्षा कधी खूप जास्त तर कधी खूप कमी जाणवतं, आणि तीच तीच लयीतली हालचाल केली की शरीराला जरा आधार मिळतो, आतली खळबळ बसते. पण फक्त त्रास झाला की फडफड असं नाही, आनंद झाला तरी फडफड असते, आणि हे मला कळायला दोन वर्षं गेली कारण मी प्रत्येक फडफडीला घाबरायचे.

मग आमच्या ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपी देणाऱ्या) ताईंनी एक वही करायला सांगितली. हालचालीच्या आधी काय झालं, हात नेमके कसे होते, नंतर काय झालं, एवढंच लिहायचं. महिनाभरात त्या वहीत एक भाषाच दिसायला लागली. हात खांद्याच्या वर, बोटं पसरलेली, टाचा उचललेल्या म्हणजे खूश, बस आली किंवा गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जायचं ठरलं. हात कमरेपाशी, मुठी आवळलेल्या आणि झटके लहान लहान म्हणजे आवाज सहन होत नाहीये, पाच-दहा मिनिटांत बाहेर काढा. अंगठा एकेका बोटावरून फिरवतोय म्हणजे विचार करतोय, उत्तर येणार आहे, मध्ये बोलू नका. उन्हात बोटं डोळ्यांसमोर हलवतोय म्हणजे उजेड-सावलीचा खेळ बघतोय, त्याला तसंच बघू द्या. तुमच्या मुलाची वही वेगळी असणार, आमची कॉपी करून उपयोग नाही.

मग हे थांबवायचं की नाही? शाळेतून सारख्या तक्रारी येतात.

माझं स्पष्ट मत आहे, कोणाला लागत नसेल तर थांबवायचं नाही. आम्ही थांबवलं होतं. एका शाळेत (नाव लिहीत नाही) ‘हात खाली, हात मांडीवर’ असं दिवसभर सांगायचे, आणि आम्हीही घरी तेच सुरू केलं कारण वाटलं शिस्त लागेल. चार महिन्यांत हात खाली आले आणि त्याच्यासोबत त्याचं होतं नव्हतं तेवढं बोलणंही गेलं, रात्रीची झोप गेली, आणि तो मनगट चावायला लागला. ते वळ अजून आहेत. मी त्याला शांत बस म्हणत होते असं मला वाटायचं, खरं म्हणजे मी त्याला गप्प बस म्हणत होते.

ऑटिस्टिक मोठ्या माणसांना याबद्दल विचारून २०१९ साली ब्रिटनमध्ये एक संशोधन झालं. त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं हेच होतं की या हालचालीने भावना सांभाळायला मदत होते, आणि ती बंद पाडायला निघालेले उपचार त्यांना नको होते. लोक बघतात म्हणून ते चारचौघांत दाबून टाकतात असंही त्यांनी सांगितलं.

शाळेला काय सांगायचं? तर हात रिकामे नसले की जमतं असं असेल तर हातात काही द्या, एखादा मऊ बॉल, रबराचा तुकडा, बाकाखाली पायाला ताणायला इलॅस्टिक. पण ‘आधी हात थांबव मग शिकवू’ ही अट मान्य करू नका. आमच्याकडे हात चालू असतानाच पाढे पाठ झालेत.

फडफड दिसली म्हणजे ऑटिझमच का?

नाही. लहान बाळं आनंद झाला की हात उडवतातच. निदान एका हालचालीवरून होत नाही, बोलणं-वागणं, लोकांत मिसळणं, ठरावीकपणाचा आग्रह, इंद्रियांच्या तक्रारी असं सगळं मिळून बघतात. इंटरनेटवर मनगट वाकवून छातीशी धरलेल्या हातांचे व्हिडिओ फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं की हे असेल तर ऑटिझम, त्यावर विसंबू नका.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. मूल, त्यातही मुलगी, आधी हाताने वस्तू धरत होती, खेळत होती आणि आता ते बंद होऊन सारखे हात चोळतेय, पिळल्यासारखे करतेय, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. रेट सिंड्रोम नावाचा वेगळा आजार असतो, त्याचं मुख्य लक्षण हे आहे, आणि त्याची जनुकीय तपासणी होते. तसंच हालचालीच्या मध्ये मूल हाक मारून, हात लावूनही भानावर येत नसेल तर फिट्स तर नाहीत ना हे बघून घ्या, ऑटिझमसोबत फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं.

दीड वर्षाचं आहे, बोट दाखवत नाही. घरचे म्हणतात मुलगे उशिराच बोलतात.

बोलणं उशिरा येऊ शकतं, पण बोट दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे. साधारण वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवायला लागतं आणि त्याचे दोन प्रकार असतात. एक ‘मला ते दे’वालं. दुसरं ‘अगं आई बघ ना’वालं, म्हणजे त्याला ते नकोय, फक्त तुम्ही पण बघावं असं वाटतंय, चांदोबा दाखवतात ना तसं. ऑटिझममध्ये हा दुसरा प्रकार बरेचदा उशिरा येतो किंवा दिसतच नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची प्रश्नावली आहे, तिच्यात बोट दाखवण्याबद्दल सरळ विचारलेलं असतं. ती फक्त चाळणी आहे, निदान नाही.

आधी कानाची तपासणी करा, बेरा टेस्ट सांगतील ती करून घ्या. मग विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांकडे जा. थांबून काहीच मिळत नाही, आणि लवकर गेलात आणि काही नसलं तर पेढे वाटा.

माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो आणि माझाच हात दारावर ठेवतो. हे काय?

तो मागतोय! कितीतरी आया सांगतात ‘काहीच सांगत नाही हो’ आणि दिवसातून वीस वेळा मूल त्यांचा हात धरून नेत असतं. बोट दाखवायच्या ऐवजी तो तुमचा हात वापरतो. थेरपिस्ट याचा पुढचा टप्पा शिकवतात, दारापाशी चित्र लावायचं, चित्राला हात लावला की लगेच द्यायचं. पण ते जमेपर्यंत हात ओढला तर ‘हो, दूध पाहिजे’ असं म्हणून द्या. उपाशी ठेवून शब्द काढायचा प्रकार करू नका, कोणी कितीही सांगो.

टाटा करताना तळवा स्वतःकडे करतो.

हे अनेक ऑटिस्टिक मुलांत दिसलंय आणि संशोधकांनी नोंदवलंय. विचार करा, तुम्ही टाटा करता तेव्हा त्याला तुमचा तळवा दिसतो, मग तो पण स्वतःला तळवा दिसेल असाच हात धरतो. त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. शेजारी उभं राहून आरशात बघत शिकवा, समोरून नको.

आणि नमस्कार? पाहुणे आले की पंचाईत होते.

आपला नमस्कार खरं म्हणजे फार सोयीचा आहे, कोणाला शिवायचं नाही, हात कुठे ठेवायचे ते ठरलेलं, डोळ्यात बघायची सक्ती नाही. आमच्याकडे शेकहॅन्ड आणि गालगुच्चे बंद, नमस्कार चालू. पाया पडायला मात्र मी लावत नाही, वाकलं की त्याचा तोल जातो आणि वरून आशीर्वादाचा हात डोक्यावर येतो तो त्याला अजिबात सहन होत नाही. एकदोन नातेवाईक नाराज झाले, त्यांना समजावलं, एक समजले.

डोळ्यात डोळे घालून बोलत नाही, आत्मविश्वास नाही का?

बऱ्याच ऑटिस्टिक लोकांनी स्वतः लिहिलंय की डोळ्यात बघितलं तर ऐकू येत नाही, म्हणजे एका वेळी एकच होतं, बघणं नाहीतर समजणं. काहींना ते अक्षरशः टोचतं.

आणि मला सारखं वाटतं ते असं की आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं ही मर्यादा मानायचे, माझ्या आजीला वर बघून उत्तर दिलेलं चालत नसे. आणि आज आपल्याच मुलांच्या थेरपीच्या फाइलमध्ये ‘आय कॉन्टॅक्ट: ५ सेकंद’ असं टार्गेट लिहिलेलं असतं. कशासाठी? तो कान माझ्याकडे करून बसतो, तेच त्याचं लक्ष देणं आहे. हनुवटी धरून तोंड वळवणं तर कोणीच करू नये.

जाहिरातीतली, टीव्हीवरची वाक्यं परत परत बोलतो. अर्थ नसतो का त्याला?

बहुतेक वेळा असतो. याला इकोलालिया म्हणतात. लगेच तेच परत म्हणणं हा एक प्रकार, आणि जुनं कुठलंतरी वाक्य आज काढणं हा दुसरा. १९८० च्या दशकात बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचं असं बोलणं बारकाईने तपासलं तेव्हा लक्षात आलं की त्यात मागणी असते, होकार असतो, पाळी घेणं असतं, स्वतःला धीर देणं असतं. त्याआधी लोक ही नुसती पोपटपंची समजून बंद करायच्या मागे लागायचे.

आमचं सांगते. हा पाच वर्षांचा असताना रामकुंडावर पायरीवर शेवाळ होतं, मी जिवाच्या आकांताने ओरडले ‘पाय घसरेल!’ आणि ओढून घेतलं. तेव्हापासून ‘पाय घसरेल’ म्हणजे ‘मला भीती वाटतेय’. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसल्यावर म्हणतो पाय घसरेल, लिफ्ट थांबली की पाय घसरेल, वीज कडाडली की पाय घसरेल. बाहेरच्याला काही संबंध लागणार नाही, पण त्या दिवशी पायरीवर जो होता त्याला लागतो. तसंच नाशिकरोड स्टेशनवर ऐकलेलं ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे तो मला हाक मारायला वापरतो, मी फोनवर असले की मागे उभा राहून अगदी त्याच आवाजात.

म्हणून वाक्य कुठून आलं ते शोधा, तेव्हा काय घडत होतं ते आठवा, अर्थ तिथेच सापडतो. आणि मग त्याच्याच वाक्याला जोडून सोपं वाक्य द्या. मी म्हणते ‘पाय घसरेल. भीती वाटतेय.’ हल्ली कधीकधी तो दुसरं एकटंच म्हणतो.

‘तुला पाणी पाहिजे’ म्हणतो, मला देतोय असं वाटतं. खरं त्यालाच हवं असतं.

‘मी’ आणि ‘तू’ची अदलाबदल. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांबद्दल जो पहिला लेख लिहिला त्यातही हे आहे. मूल जसं ऐकतं तसं उचलतं, आपण विचारतो ‘तुला पाणी पाहिजे?’ म्हणून ते तसंच येतं. मराठीत याची आणखी एक गंमत होते, दिवसभर आईचंच ऐकलेला मुलगा ‘मी आले, मी जाते’ म्हणतो. हसू नका, चिडवू नका. मी त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य त्याच्या वतीने बोलायला लागले, ग्लास देताना ‘मला पाणी पाहिजे’ असं. वडिलांनी ‘मी आलो’ जास्त वेळा म्हणावं.

इतकं समजतं मग साधं बोलणं का कळत नाही?

कारण आपलं साधं बोलणं साधं नसतं. आपण जाताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. काका ‘येतो हां’ म्हणून गेले आणि हा दीड तास दारात उभा. तांदूळ संपले की आजी म्हणायची ‘तांदूळ वाढले’, हा डबा उघडून बघायचा, रिकामा. दिवा विझवला नाही म्हणायचं, ‘दिवा वाढवला’ म्हणायचं. मी म्हणायचे ‘चला, आपण आंघोळ करू या’ आणि हा बाथरूमबाहेर माझी वाट बघत उभा, कारण आपण म्हणजे दोघं. ‘पाच मिनिटात आले’ म्हटलं की घड्याळ लावून बसतो आणि सहाव्या मिनिटाला रडतो, यात चूक माझी.

सरळ बोला. ‘जरा इकडे ये बघू’ नको, ‘इकडे ये’. एका वेळी एक गोष्ट. सांगून झालं की मनात दहापर्यंत मोजा. लोक दुसऱ्या सेकंदाला तेच वाक्य बदलून परत विचारतात, मग त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि तळवा खाली करून ‘ये ये’ अशी जी हाताची खूण आपण करतो ती बऱ्याच मुलांना आपोआप कळत नाही, शिकवावी लागते.

बोलतच नाही म्हणजे समजत पण नसेल ना?

असं अजिबात धरू नका. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. ऐकतोय तो.

चित्रं किंवा ॲप दिलं तर बोलायचा आळस येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर नाही असं आहे, यावर बरेच अभ्यास झालेत आणि चित्रं-ॲपमुळे बोलणं मागे पडतं असं दिसलेलं नाही, काही मुलांत तर थोडं वाढलंय. चित्रांची देवाणघेवाण करायची पेक्स ही पद्धत १९८५ पासून वापरात आहे. ॲपमध्ये आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो आहे, ते मराठीतही आहे, आणि चेन्नईचं आवाज आहे. मराठीत असणं फार महत्त्वाचं, मूल आजीशी बोलणार आहे ना.

पैसे नसतील तर वही, कात्री आणि किराण्याच्या पाकिटांवरची चित्रं, आम्ही तिथूनच सुरुवात केली. पहिल्या पाच चित्रांत ‘नको’ आणि ‘बास’ घालाच. लोक खाऊची चित्रं भरपूर करतात आणि नकार द्यायला काही ठेवत नाहीत, मग मूल नकार दातांनी देतं. खुणांचं म्हणाल तर काही मुलांना जमतात, काहींना बोटांची बारीक हालचालच अवघड जाते, करून बघा.

एक जण म्हणाले मुलाचा हात धरून टाईप करून घेतलं की तो मनातलं लिहितो.

कृपया सावध राहा. दुसऱ्याने हात किंवा मनगट धरून लिहून घ्यायची ही पद्धत १९९० च्या दशकात नीट तपासली गेली. मुलाला एक चित्र आणि धरणाऱ्याला दुसरं चित्र दाखवलं, तर लिहून आलं ते धरणाऱ्याला दिसलेलं. म्हणजे शब्द त्याच्या हातातून येतात पण त्याचे नसतात. आईबापांना आशा लागते, मलाही लागली होती, मी समजू शकते. पण यात त्याचं स्वतःचं म्हणणं कायमचं झाकलं जातं. ॲप वापरताना त्याचा हात मोकळा पाहिजे, वेळ लागला तरी.

गणपतीत, रंगपंचमीला काय करता?

नाशिक ढोल छातीत वाजतो, आपल्याला ते आवडतं, त्याला ते दुखतं. आम्ही कानावर हेडफोनसारखे मफ लावतो, मिरवणूक यायच्या आधी मूर्तीचं दर्शन घेऊन येतो, मेन रोड-रविवार कारंजाकडे त्या संध्याकाळी जातच नाही. रहाडीवर (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या जुन्या हौदावर) एकदा नेलं होतं, गर्दी आणि अंगावर अचानक येणारं पाणी, पुन्हा नाही नेलं. दुपारी दोन्ही तळवे कानांवर दाबले की ती शेवटची सूचना असते. त्यानंतर मेल्टडाऊन होतो, तो हट्ट नाही, नखरे नाहीत, फ्यूज उडाल्यासारखं आहे, त्या वेळी समजावणं, ओरडणं, व्हिडिओ काढणं काहीच करू नये. कमी आवाज, कमी उजेड, कमी माणसं.

स्वतःला मारतो, हात चावतो, ते पण स्टिमिंग म्हणून सोडून द्यायचं?

नाही. ते वेगळं. आधी दुखणं शोधा: दात, कान, पोट, बद्धकोष्ठता. जे सांगता येत नाही ते असं बाहेर येतं. आमच्याकडे एकदा दाढ किडलेली निघाली, तीन आठवडे आम्ही वागणूक वागणूक करत बसलो होतो. दुखणं नसेल तर थेरपिस्टसोबत बसून कारण शोधा, आणि डोकं आपटत असेल तर वाट बघू नका.

मोठेपणी हे जातं का?

माणूस ऑटिस्टिकच राहतो, हात मात्र लपवायला शिकतो. खिशात मूठ, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं, पेनचं टोपण. याला मास्किंग म्हणतात आणि ते फार थकवतं. कितीतरी बायकांना चाळिशीत, मुलाच्या निदानानंतर, स्वतःबद्दल कळतं.

ते एकमेकांत कसे बोलतात?

हे मला फार आवडतं. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, त्यांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, त्यांना आपण कळत नाही तसे आपल्याला ते कळत नाहीत. मग २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, कानगोष्टींच्या खेळासारखा, आठ-आठ जणांची साखळी आणि एक गोष्ट पुढे पुढे सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच नीट पोचली जेवढी बाकीच्यांच्या साखळीत. थेरपीच्या बाकावर मी हे बघते, हा आणि एक मित्र शेजारी बसतात, एकमेकांकडे बघत नाहीत, एक जण सिटीबसचे स्टॉप म्हणतो, निमाणी, सीबीएस, दुसरा पुढचा म्हणतो, हात चारही चालू. वीस मिनिटं. मला त्या गप्पाच वाटतात.

‘स्वमग्न’ म्हणायचं का?

शब्द रूढ आहे, कागदोपत्री चालतो. मला पटत नाही, कारण तो स्वतःत मग्न नसतो, उलट त्याला आजूबाजूचं जरा जास्तच लागतं. मी ऑटिस्टिक म्हणते. कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नक्की काढा.

आम्ही पहिल्यांदाच तुमच्याकडे येतोय, काय लक्षात ठेवू?

यायच्या आधी फोन करा, मी त्याला तुमचा फोटो दाखवून ठेवते. समोर नका बसू, शेजारी बसा. प्रश्न एकच विचारा आणि थांबा. हात वर गेले आणि टाचा उचलल्या तर तुमचं येणं त्याला आवडलंय. आणि निघताना ‘येतो’ म्हणू नका, ‘जातो’ म्हणा, आमच्या घरात ते अशुभ नाही, नाहीतर तो दारातून हलत नाही.